आईचा चढा आवाज

आई गेल्याचा फोन मला संजूने केला. पोटच्या लेकीला ही बातमी बाहेरच्या माणसाने सांगावी, याचा राग मला रडू येण्याआधी आला. "ताई, माय गेली..." एवढंच तो बोलला. आई माझी, आणि माय म्हणणार हा! नाशिकहून यवतमाळला पोहोचेपर्यंत मी हेच उगाळत होते. आता दीड महिना झाला, अजून ते मनातून गेलेलं नाही.

संजू आमचा कोणी नाही. कापसाची ती वाईट वर्षं होती. राळेगाव, मारेगावकडची पोरं शाळा सोडून लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला येत आणि आमच्याकडे जेवत. बाबा कचेरीत कारकून, आई घरीच मेस चालवायची. समोरच्या खोलीत बाबांची टापटीप आणि मागच्या ओसरीत पोरांची पंगत. आईचा आवाज सगळ्या गल्लीच्या ओळखीचा. भात सांडला की ओरडायची, नळ चालू राहिला की ओरडायची. मला, बाबांना, पोरांना, सगळ्यांना सारखंच.

मग राजूचं झालं. आमच्याच पंगतीतला हसरा, खादाड पोरगा. एका दुपारी आईला तो घरामागे दिसला, तोंडावर चिंधी धरलेला. पंक्चरचं सोल्युशन हुंगत होता. पोरं असलंही काही करतात हे आमच्या घराला ठाऊक नव्हतं. व्यसन म्हणजे दारू नाहीतर तंबाखू-सुपारीचा खर्रा. आईने हातातलं लाटणं उगारलं आणि "थांब मेल्या, सांगते तुह्या बापाले!" म्हणत त्याच्यामागे धावली. राजू जिवाच्या आकांताने पळाला. कोपऱ्यावरच्या हापशीपाशी पडला... तो उठलाच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, या वाफेने काळजाचे ठोके आधीच बिघडतात. त्यात एकदम घाबरलं, पळालं, की ते बंदच पडू शकतं, पहिल्यांदा हुंगणाऱ्याचंसुद्धा. अशा पोरावर ओरडायचं नाही, त्याला पळवायचं नाही, मोकळ्या हवेत शांत बसवायचं आणि इकडे घेऊन यायचं. त्या दिवसानंतर पोरांशी बोलताना आईचा आवाज कधी चढला नाही.

संजू राजूचा जोडीदार, त्याच चिंधीतला. नाकातोंडाला फोड आलेले, हात थरथरायचे, बोलता बोलता सख्ख्या बहिणीचं नाव विसरायचा. आई त्याला घेऊन दवाखान्याच्या खेपा घालायची. तो सोडायचा, पुन्हा धरायचा, आणि आई पुन्हा त्याच मऊ आवाजात, "संजू बेटा, चाल बरं, वाऱ्यावर बसू." माझ्या वाट्याला मात्र जुनाच आवाज. नव्हे, पोरांवरचा उरलेला रागही माझ्याच खात्यात जमा होत असावा. एकदा त्याने वाढलेलं ताट भिरकावलं. आई म्हणाली, "राहू दे बेटा, दुसरं वाढते." त्याच संध्याकाळी मी मैत्रिणीकडून जराशी उशिरा आले, तर दारातच, "कुठं उलथली होतीस?"

माझं डोकं फिरलं. "मीपण हुंगू का सोल्युशन? मग तरी बेटा म्हणशील मले?"

"तुह्यं काळीज धड आहे," आई म्हणाली, "म्हणून तं ओरडू शकते तुह्यावर."

मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर पुढेही नाही.

संजू सुटला त्यातून. रोपवाटिकेत कामाला लागला. हात अजून थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो, आणि विसरणं काही गेलं नाही. मी लग्न होऊन नाशिकला गेले, पुढे बाबाही वारले. फोनवर आईचं अर्धा वेळ संजूचंच पुराण. संजूने मोगरा आणला, संजूने गोळ्या आणल्या... मी "हं, हं" करायची आणि भाजी परतायची.

शेवटच्या दिवसाचं त्यानेच सांगितलं, तिसऱ्या दिवशी, ओसरीत बसून. "रोपवाटिकेतून आलो, ताई, तसाच चिखलाच्या पायानं आत घुसलो. माय खाटेवरून अशी ओरडली! 'आंधळा झाला का रे मेल्या? आत्ताच फरशी पुसली, पाय धुऊन ये!' शेजारच्या काकू बाहेर आल्या. मी नळावर उभा राहून हासून राह्यलो होतो. राजू गेल्यापासून एवढ्या वर्षांत पहिल्यांदा रागावली माह्यावर... मले वाटलं, आता मी बरा झालो." त्याच संध्याकाळी ती गेली. सांगताना त्याचे डोळे वाहत होते आणि चेहरा फुललेला होता. तो फुललेला चेहरा मला बघवेना. मऊ आवाज त्याचा होताच. ओरडणं तेवढं माझं होतं. तेही शेवटचं तोच घेऊन गेला.

घर आवरायला मी अजून इथेच आहे. संजू रोज येतो. स्वतःच्या गोळ्यांची वेळ विसरतो, आणायला सांगितलेलं सामान विसरतो, परवा तर माझंच नाव त्याला आठवेना. पण फाटकातून आला की आधी नळावर जातो, दोन्ही पाय घासून धुतो आणि मगच उंबरा ओलांडतो. मी आईच्या खाटेवर बसून त्याच्या पायांकडे बघत असते. फरशी मुद्दाम तो यायच्या आधी पुसते. एकदा तरी विसरावं त्याने.