गोधडीतलं मीटर

मंडळी, आज सकाळी आमच्या गल्लीत आठ दिवसांनी नळाला पाणी आलं. तेही तासभरच. साऱ्यांनी एकदमच नळाला मोटारी लावल्या आणि पाचव्या मिनिटाला लाइट गेली.

शेजारच्या मुक्ताबाईंची टाकी कोरडी ठणठणीत. तरी वीजवाल्यांना फोन कोणी करेना. नळाला मोटार लावायला बंदी आहे ना!

तेवढ्यात न बोलावता लाइनमन हजर. मग काय, पळापळ! मी माझी मोटार पोत्याखाली ढकलली. मुक्ताबाईंनी तर नव्या स्मार्ट मीटरलाच गोधडी पांघरली होती.

"मावशी, याला थंडी वाजती का?" लाइनमननं विचारलं.

"चुगली करतं म्हणं ते. मोटार दिसंल ना त्याला!"

"त्याला मोटार दिसत नाय अन् मिक्सरबी नाय. कोण कधी किती वीज ओढतं, एवढंच कळतं. लाइट गेल्याचं त्यानंच कळवलं, म्हणून तर आलो. फ्यूज टाकतो. पण सगळे एकदम ओढू नका, नायतर परत उडंल."

आता पाळ्या लावणं आलं. पहिली पाळी मुक्ताबाईंना दिली. माझी येईपर्यंत नळ फुसफुसायला लागला होता. दुपारी मुक्ताबाईच दोन भरलेले हंडे घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, एवढं हुशार मीटर हाय, तर पाणी कधी येणार ते सांगंल का?"

मी हंडे आत घेतले. तुम्हाला याचं उत्तर सुचतंय का?