भिंतीला टेकू नका

जुन्या पेठेतली ही गल्ली बघायला लोक लांबून येतात. दुतर्फा लाकडी सज्जे, महिरपी, कोरीव खांब. एका सज्ज्याखाली तिरका वासा टेकू म्हणून लावला होता; मला तोही देखणा वाटला. त्याचा फोटो नीट यावा म्हणून मी समोरच्या घराच्या भिंतीला पाठ लावली.

“अहो, भिंतीला टेकू नका!” त्याच घराच्या वरच्या खिडकीतून एक बाई ओरडल्या.

रंग ओला असेल, असं वाटून मी पाठ चाचपली.

“रंग कसला! कुणी टेकलं की आमच्या फळीवरची भांडी वाजतात.”

मी दचकून बाजूला झालो. जन्मभर आपण भिंतीच्या भरवशावर पाठ टेकतो. भिंत कशाच्या भरवशावर उभी आहे, हे कधी मनातही येत नाही. आता सगळी गल्लीच श्वास रोखून उभी असल्यासारखी वाटू लागली.

“मग तुम्ही आत कशा राहता?”

“आम्ही हळू चालतो,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकी अलगद लोटून घेतली.

मी चवड्यांवर चालत निघालो. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक टेम्पो आत वळला, आणि माझ्या दोन्ही बाजूंना, एकेका घरात, भांडी वाजू लागली.