प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला सुगंधा

शेजारच्या फ्लॅटमध्ये आज नव्या कपाटाला पॉलिश करत होते. तो वास खांदा कॉलनीतल्या माझ्या एकटीच्या घरात शिरला आणि मी शिकवायचे त्या शाळेची तेव्हाची नवी प्रयोगशाळा आठवली. तिच्यासाठी आणि गरीब मुलांच्या फीसाठी मी दारोदार देणग्या मागितल्या होत्या.

उद्घाटनाला सगळे देणगीदार आले. टेबलांचं पॉलिश अजून हाताला चिकटत होतं. आमच्या निधीतून जिची फी भरली जायची, त्या आठवीतल्या सुगंधाला मी पुढे बोलावलं. "तुझे आईवडील काय करतात, सांग सगळ्यांना," मी कौतुकानं म्हणाले.

ती खाली बघत म्हणाली, "कोन गावाला वीटभट्टीवर हायत."

टाळ्या वाजल्या. आणखी दोघांनी तिथल्या तिथे देणगी जाहीर केली. मी इतकी खुशीत होते, की मागे उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणी एकमेकींकडे का बघताहेत, हा विचारही मनात आला नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुगंधा शाळेत आली नाही. आठवड्यानं मी भट्टीवर गेले. मला बघताच ती झोपडीत शिरली. तिची आई हळूच म्हणाली, "इतके दिस ती पोरींमदली एक होती, बाई. आता नाय येनार."

मी खूप विनवलं, पण सुगंधा बाहेर आली नाही.

निवृत्त होईपर्यंत मी त्याच प्रयोगशाळेत शिकवलं. "बाई, ही तुमच्यामुळे उभी राहिली," असं सगळे म्हणायचे. मी हसून मान डोलवायचे. सुगंधाबद्दल मात्र आजवर कुणाशीच बोलले नाही.