केसाएवढा दोरा

लोक रविवारी नातेवाइकांकडे जातात, आम्ही तलावावर जातो. मासे कमी मिळतात, किस्से मात्र टोपलंभर! मी सांगायला बसलो की बायको आधीच चहाचं आधण वाढवते.

आम्ही तिघं. जानेफळात तार-खिळ्यांचं दुकान चालवणारा मी, गणिताचे देशमुख सर आणि भाजीपाला पिकवणारा सुधाकर. नाद फ्लाय फिशिंगचा. यात गांडूळ नाही, पिठाची गोळी नाही. गळाला कोंबड्याचं पीस बांधून नकली माशी करायची आणि पाण्यावर अलगद टाकायची. माशी आणि जाड दोरीच्या मधे एक पारदर्शक बारीक दोरा असतो, तो लीडर. सगळा खेळ त्याचा!

*

पहिला लीडर ऑनलाइन मागवला. सर म्हणाले, "सात नंबर घ्या. आकडा मोठा, दोरा मजबूत!" पहिल्याच माशानं तो माशीसकट नेला. मग कळलं, नंबर वाढला की दोरा बारीक होतो.

सुधाकर माझ्याकडे वळला. "काऊन बे, तुह्या दुकानातली तार बी अशीच असते ना? गेज वाढला का तार बारीक?"

असते. रोज विकतो!

*

दुसऱ्या लीडरच्या पाकिटावर तो किती वजनाला तुटतो ते छापलेलं होतं. सरांचा छापील गोष्टीवर विश्वास नाही. त्यांनी पाण्यावर झुकलेल्या लिंबाच्या फांदीला लीडर बांधून सुधाकरच्या वांग्यांची पिशवी लटकवली. टिकला! सरांनी खुशीत पिशवीला हिसका दिला आणि वांगी थेट तलावात.

"वजन सोसते सर, हिसका नाही सोसत," सुधाकर म्हणाला. "माह्या बायकोसारखं हाय. काम कितीबी सांगा, आवाज चढवला का संपलं!"

*

मग आम्ही जाड लीडर लावला. रोहू आला, दोरा पाहिला आणि निघून गेला. तेव्हापासून सुधाकर बारीकच वापरतो. गाठ आवळण्याआधी तिला थुंकी लावतो, कारण कोरडी गाठ घासली की दोरा कमजोर होतो.

त्याचे वडील, नामदेवबाबा, हे पारावर सांगायचे. "माहं पोरगं माशी बांधते, थुकते, अन् रिकाम्या हातानं घरी येते!"

सगळा पार हसायचा. सुधाकर एकदा मला म्हणाला, "गाव हसू दे. बाबानं फक्त एक डाव येऊन पाहावं." मला फार वाईट वाटलं.

*

शेवटी बाबा आले, आणि त्याच दिवशी सुधाकरच्या माशीला भला मोठा रोहू लागला! मासा पळाला की सुधाकर दोरी सोडायचा, थकला की हळूच गुंडाळायचा.

"ओढ बे! ओढ!" बाबा काठावर नाचत होते.

"नाही बाबा. तुटते."

मासा दमून काठाला आला. सुधाकरनं गळ काढला, त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं आणि सोडून दिलं. आमची रीतच तशी.

"सोडला? तुह्या मायनं मसाला वाटून ठेवला ना बे!"

मग बाबांनी लीडर हातात घेतला. एवढा मासा या केसानं आणला, हे त्यांना पटेना. बोटांना गुंडाळून त्यांनी दात-ओठ खात ओढला. दोरा तसाच राहिला, बोट कापलं! मी रुमाल बांधला. घरी गेल्यावर बाबांनी त्यावर पट्टी बांधून घेतली.

जखम लवकर भरली. पट्टी मात्र बाबांनी काढलीच नाही. परवा एस.टी. स्टँडवर कुणीतरी विचारलं, "बाबा, काय लागलं?"

बाबांनी बोट उंच धरलं.

"माह्या सुधाकरचा दोरा हाय तो. तुटत नाही!"