रीगाच्या लाकडाला सलाम

अलीमियाँ मूळचा राजापूरचा, पण त्याचं पोट भरतं रीगा बंदर. बाल्टिक समुद्र त्याने बघितलेला नाही, बघायची हौसही नाही. तिथून पाइनच्या फळ्यांचे कंटेनर निघतात आणि बहरीनला मआमीरजवळच्या वखारीत उघडतात. मग तुबलीतले सुतार कामाला लागतात. तिकडे बर्फाने जहाजं अडली की इकडे दारांच्या चौकटी अडतात, अन् अलीमियाँचा ओव्हरटाइमही. कुठलं बंदर आणि कुणाची चूल, अल्लाची कुदरत म्हणायची.

कंटेनर उघडायचं काम त्याचंच. दार उघडलं की तो उंबऱ्याशी थांबून आत सलाम करतो. आईने शिकवलं होतं, बंद घर उघडलंस तर आधी सलाम कर आणि थोडा थांब. जवाब आला नाही तर खुशाल आत जा. आला तर मुकाट्याने मागे फिर. वखारीतले टिंगल करायचे. "हसा बाबांनो, हसायला काय जातं," तो म्हणायचा. जवाब मात्र कधी आला नव्हता, खोटं कशाला बोला.

या फेब्रुवारीत माल फार उशिरा आला. तुबलीहून फोनवर फोन, सुपरवायझर मयुरेश घायकुतीला आलेला. त्यात अलीमियाँचा मेहुणा यासीन वखारीत नवा. बायकोचा, रशीदाचा हा एकुलता भाऊ. तिनेच नवऱ्याच्या मागे लागून त्याचा व्हिसा करवला होता.

दार उघडलं. ओल्या लाकडाचा आंबूस वास आला. गठ्ठ्यांचे पट्टे कापायला यासीन सुरी घेऊन तयार होता. अलीमियाँने सलाम केला.

"वालेकुम सलाम." जवाब आतून आला.

आवाज यासीनचा होता. आणि यासीन तर शेजारी उभा होता, तोंड मिटून.

अलीमियाँने हात आडवा घातला.

"दुल्हाभाई, यल्ला, चला लवकर, लोक खोळंबलेत," यासीन म्हणाला.

"तू आत जायचं नाहीस."

"अलीमियाँ, आज नको हो ही नाटकं," मयुरेश वैतागला. "तुम्हाला जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो मी."

"बघा. पण हा आत जाणार नाही."

नोकरी गेली तर गेली, याला काही झालं तर रशीदाला काय तोंड दाखवू, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

तेवढ्यात छपरावरचं एक कबूतर त्यांच्या डोक्यांवरून आत गेलं, पार टोकाला, आणि गठ्ठ्यावर बसलं. पंख जरासे हलवले आणि कलंडलं. वाटेत त्या ओल्या लाकडाने आतली हवा खाऊन टाकली होती. मयुरेशने दारं सताड उघडी ठेवायला लावली आणि त्या दिवशी पुन्हा कुणाला घाई केली नाही.

हवेचं समजलं. आवाजाचं काय?

"तुम्ही काय ऐकलंत?" यासीनने हळूच विचारलं.

"मफी," अलीमियाँ म्हणाला. काही नाही.

संध्याकाळी घरी रशीदा बांगडे तळत होती. दारावर टकटक झाली.

"अस्सलामु अलैकुम, दुल्हाभाई."

तोच आवाज, बंद दारापलीकडून. अलीमियाँ उठला आणि कडीवर हात ठेवून थांबला.

"अहो, यासीन दारात ताटकळलाय," रशीदा आतून म्हणाली. "सलामाला जवाब तरी द्या."

त्याने दार उघडलं आणि आधी यासीनचं मनगट धरलं. मनगट गरम होतं.

"वालेकुम सलाम," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.