बारूदभाऊंची थापड

बारूदभाऊ आधी हाणायचे आणि कारण नंतर सांगायचे. मला त्यांचा प्रसाद पहिल्याच दिवशी मिळाला. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, माजरीच्या कोळसा खाणीत नुकताच हजेरीबाबू म्हणून लागलेला. शेजारच्या क्वार्टरमधून रणगाड्यांचा धडाका ऐकू आला, म्हणून आत डोकावलो. कॉम्प्युटरसमोर पन्नाशी उलटलेला एक आडदांड माणूस लढाई खेळत होता. टेबलावरची गेमची डिस्क मी कौतुकाने उचलली आणि कानाखाली जाळ निघाला. "आंगठा कुठी लावला बे? किनारीले धर! माजरीची धूळ आहे हे, पॉलिशपेपर आहे, पॉलिशपेपर!" बोटाला चिकटलेली कोळशाची पूड डिस्कवर ओरखडे पाडते, हे मला गाल चोळता चोळता समजलं. मग त्यांनी चहा पाजला.

खाणीत सुरुंग लावणाऱ्या टोळीचे ते प्रमुख, म्हणून बारूदभाऊ. दुपारी सुरुंग उडाले की आमच्या क्वार्टरांच्या खिडक्या थरथरायच्या. त्या हादऱ्याने फिरती डिस्क उडते आणि तिच्यावर गोल चरा पडतो. म्हणून त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या टोळीच्या सुरुंगांआधीचा भोंगा वाजला, की खेळ कितीही रंगात असो, डिस्क बाहेर. एकदा त्यांच्या टोळीतला एकजण म्हणाला, "जिंकून राह्यलो ना भाऊ, दोनच मिनिटं." भाऊंनी त्याला खुर्चीसकट उताणा पाडला, डिस्क काढून पाकिटात घातली आणि मगच त्याला हात देऊन उठवलं. तो हसत उठला. पुढच्या रविवारी परत आलाही.

त्यांच्या रागाला मी घाबरायचो आणि तरी रोज जायचो. चंद्रपूरच्या एका दुकानदाराने त्यांना नकली डिस्क गळ्यात मारली होती. आम्ही दोघं मोटारसायकलवर परत गेलो. दुकानदार म्हणाला, "चालत नाही तर खेळू नका, काका." भाऊंनी काउंटरच्या काचेवर बुक्की घातली. काच फुटली, हात फाटला, आणि त्याच रक्ताळलेल्या हाताने त्यांनी नवी अस्सल डिस्क किनारीला धरून उचलली. घरी त्यांच्या बायकोने, काकूंनी, जखमेत हळद दाबली. मला म्हणाल्या, "याईचा हात खाली बसला तं समजा, माणूस बिमार आहे."

पुढे माझ्याकडे इंटरनेट आलं आणि मी गेम थेट उतरवून घ्यायला लागलो. माजरीच्या नेटवर एकेक गेम उतरायला दोन-तीन दिवस लागायचे. भाऊ भिंतीपलीकडून ओरडायचे, "काऊन बे, गेम वरोऱ्यालेच अडकला का तुया?" वरोरा म्हणजे माजरीच्या अलीकडचं स्टेशन. चेष्टा खरी, पण आत राग होता. सुरुंग पेटवणाऱ्या टोप्या ते रोज बारूदघरातून एकेक हातात घेऊन मोजून आणत. न मोजलेल्या टोपीपायी त्यांचा एक सोबती गेला होता. "हातात घेतलं तरच घेतलं. हवेतून येते ते हवेतच जाते," म्हणायचे.

त्यांच्या निवृत्तीला एक महिना उरला होता. त्यांच्या आवडत्या लढाईचा नवा भाग आला, तो मी मुद्दाम डब्यातला मागवला. मोठा, चकचकीत डबा, वर रणगाड्याचं चित्र. टोळीतल्या चौघांना बोलावलं. काकूंनी शिरा केला. भाऊंनी हात धुतले, पुसले, नवरदेवासारखे खुर्चीत बसले आणि डबा उघडला. आत डिस्क नव्हती. एक कागद होता, त्यावर आकडे आणि अक्षरं. ती टाकून गेम इंटरनेटवरून उतरवायचा! मलाही हे माहीत नव्हतं. टोळीतला एकजण फिसकन हसला, मग चौघंही हसले.

"रिकामा डब्बा? मले?" भाऊंनी मला एक थापड दिली. दुसरी दिली. तिसऱ्या थापडीला माझा ओठ फुटला आणि माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या तोंडावर ठेवून दिली. बापाच्या वयाच्या माणसाला, त्याच्याच घरात, त्याच्या माणसांदेखत. ते भिंतीला टेकले. माझ्या हाडांचा चुरा होणार, याची मला खात्री होती. पण भाऊ फक्त म्हणाले, "बरोबर आहे." आणि कागद उचलून खिशात ठेवला.

त्यानंतर त्यांनी कुणावर हात उगारला नाही. मी माफी मागितली, तर म्हणाले, "तुमचं काई चुकलं नाई, बाबू." तुमचं! मी तो गेम त्यांच्या कॉम्प्युटरवर उतरवून दिला, त्यात दोन दिवस गेले. ते खेळले. भोंगा वाजला, सुरुंग उडाले, खिडक्या थरथरल्या, आणि भाऊ खुर्चीतून हलले नाहीत. "चांगला आहे," एवढंच म्हणाले. टोळीतला एकजण जुन्या डिस्कवर सरळ तेलकट बोटं ठेवून बसला होता. भाऊंनी बघितलं आणि ते परत खेळायला लागले. काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मला वाटलं, मी यांच्यातलं काहीतरी मारून टाकलं.

क्वार्टर सोडायच्या दिवशी सिंदेवाहीकडच्या त्यांच्या गावी जाणारा ट्रक भरला. भाऊ चढायला निघाले तशी मी वाट अडवली. "मारा ना भाऊ," म्हणालो. "एक मारा अन् मग जा." मी त्यांचा हात धरला आणि माझ्या गालावर ठेवला. दगडासारखा तो हात, बुक्कीच्या जागी काचेचा वण. त्या हाताने त्यांनी मला गालावर दोनदा हलकेच थोपटलं, परक्याच्या लेकराला थोपटावं तसं. "येतो, बाबू," म्हणाले.

ट्रक वळला, आणि मी भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडलो.