आर्डिसचा तराजू आणि तेलाचा एक थेंब

सोमवार, १९ ऑक्टोबर १९९८. पहाटे अंगणातल्या बादलीत पाणी गोठलं होतं. उरलेले बीट उपटले. लाईल ब्रेके आर्डिसचा तराजू परत देऊन गेला, सोबत घरच्या सॉसेजचं वेटोळं. दुपारी आर्डिसचा फोन. तराजू बिघडला आहे. रविवारी शिकार सुरू होते.

त्या दिवशी मी एवढंच लिहिलं. शाळेत सिस्टर सांगत, रोजनिशीत घडलेलं लिहावं, वाटलेलं देवाला सांगावं. ती शिस्त मी अजून पाळते. पण त्या आठवड्यातल्या आर्डिस होव्हलँडबद्दल सांगायचं तर दोन ओळींत भागत नाही.

आर्डिस माझी कुंपणापलीकडची शेजारीण. मोंटानातल्या आमच्या या खोऱ्यात तिने उभी हयात शाळेची बस चालवली. बस बर्फात रुतली की मुलांना आत गाणी म्हणायला लावायची आणि स्वतः फावडं घेऊन उतरायची. एकदा मारामारी करणाऱ्या दोन भावांना तिने खाली उतरवलं, बसच्या पुढे चालायला लावलं आणि मुंगीच्या चालीने बस त्यांच्या मागून नेली. घराचं फाटक येईपर्यंत दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालत होते. त्यांची आई तक्रार घेऊन आली, तर आर्डिस तिला म्हणाली, "उद्यापासून तू चालव."

तिचा नवरा गॉर्डन काडतुसं घरीच भरायचा. ती फक्त रिकामी पितळी नळकांडी धुऊन पुसून द्यायची. तो गेल्यावर ती त्याच्या टेबलाशी बसली, त्याची छापील पुस्तकं पहिल्या पानापासून वाचली आणि शिकली.

त्या वसंतात तिच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. आणि त्याच वर्षी, किती हिवाळ्यांनी, सोडतीत तिचं नाव निघालं. एल्क मादीच्या शिकारीचा परवाना. घोड्याएवढ्या त्या हरणाच्या मांसावर आमच्याकडे अख्खा हिवाळा निघतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का हलका असेल तरच बंदूक खांद्याला लावायची. दुकानातलं काडतूस खेचरासारखी लाथ मारतं. हलकं हवं तर घरी भरायचं, त्यात बारूद कमी घालायची, आणि तीही पुस्तकात सांगितलेली असेल तेवढीच. जास्त पडली तर बंदूक तोंडाजवळ फुटते. फारच कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. म्हणजे सगळी भिस्त तराजूवर.

मी तळघरात उतरले तेव्हा आर्डिस कोट घालून बसली होती. हवा हलू नये म्हणून घर तापवणारी भट्टी बंद केलेली. समोर गॉर्डनचा तराजू होता. आडवी दांडी, एका टोकाला छोटं पारडं, दुसऱ्या टोकाला काटा. दांडीच्या पोटाखाली पोलादाच्या दोन बारीक धारा, आणि त्या अकीकाच्या दोन खाचांत टेकलेल्या. सगळा भार त्या दोन धारांवर.

"बघ हं बर्नडेट," ती म्हणाली. तिने एक गोळी पारड्यात ठेवली. काटा रेघेच्या वर थांबला. तीच गोळी उचलली, पुन्हा ठेवली. काटा रेघेच्या खाली.

"एकाच गोळीची दोन वजनं."

"अगं, किती फरक असेल तो? गव्हाच्या दाण्याएवढासुद्धा नसेल."

"तुमच्या फादरना विचार, अर्धा दाणा पाप चालतं का."

"आम्हा कॅथलिकांना कबुलीजबाबाची सोय आहे. तुम्हा लुथरन पंथाच्या लोकांचं तुम्ही बघा."

ती हसली, पण हात थांबले नव्हते. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवून तिने पातळी साधली. मग चिकटपट्टीचा तुकडा चिमटीत धरून लोहचुंबकांमधल्या फटीत फिरवला. दांडीच्या टोकाची तांब्याची पट्टी त्या फटीतून खालीवर होते, झोका लवकर थांबावा म्हणून. चिकटपट्टीला लोखंडाचा थोडा कीस चिकटून आला. तिला वाटलं, सापडलं. पुन्हा गोळी ठेवली. काटा पुन्हा मनाला येईल तिथे.

संध्याकाळी बिलिंग्सहून तिच्या मुलाचा, वेडचा, फोन आला.

"आई, सोड ना तो जुना तराजू. मी बॅटरीवरचा घेऊन येतो, सरळ आकडे दाखवतो."

"कधी येतोस?"

"रविवारी दुपारपर्यंत."

"दुपारपर्यंत एल्क माझी वाट बघत बसणार आहे का?"

"मग दुकानातली काडतुसं आण. तू नुसती बस, बंदूक मी चालवतो."

"परवान्यावर माझं नाव आहे, वेड. तुझं नाव आलं की तू चालव." तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "बॅटरी म्हणे. हा तराजू पृथ्वीच्या ओढीवर चालतो. ती काही संपायची नाही इतक्यात."

मंगळवारी सकाळी लाईल आर्डिसकडे कॉफीला आला, मीही तिथेच होते. लाईल सडाफटिंग, साठीचा, गुरांपेक्षा यंत्रांवर जास्त माया करणारा. आमच्या खोऱ्यात एक रीत आहे. उसनी नेलेली वस्तू नेली तशी परत करायची नाही. करवत नेली तर दातांना धार लावून द्यायची, ट्रक नेला तर टाकी भरून. लाईल ही रीत इतरांपेक्षा दुप्पट पाळतो. एकदा त्याने माझी शिडी रंगवून परत केली होती, आणि मी त्या ओल्या रंगाला आठवडाभर चिकटत होते.

कॉफीत साखर ढवळत तो म्हणाला, "काय आर्डिस, तराजू कसा चालतोय? लोण्यासारखा ना?"

"का रे?"

"अगं, कोरडा ठणठणीत होता. दोन्ही धारांवर तेलाचा थेंब सोडला. बंदुकीचं तेल, चांगलं, महागातलं."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली आर्डिसचा बूट माझ्या नडगीवर बसला. मी तोंड मिटलं.

"सॉसेज फार छान झालंय," आर्डिस म्हणाली. "मिरी जास्त घातलीस का यंदा?"

तो खुलला आणि मिरीवर अर्धा तास बोलला. तो गेल्यावर मी नडगी चोळत विचारलं, "सांगितलं का नाहीस? त्या धारांना तेल लावत नाहीत हे मलाही माहीत आहे."

"या खोऱ्यात हिवाळ्याआधी बिजागऱ्यांपासून पवनचक्कीपर्यंत सगळ्याला तेल घालतात. त्याने चांगलंच केलं, त्याच्या हिशेबाने. गॉर्डन आजारी होता तेव्हा माझं सगळं गवत कोणी कापून दिलं? चल खाली. आता निदान काय झालंय ते कळलं."

तेल खाचांत झिरपलं होतं. त्यावर धूळ बसली होती, लाईलच्या कुत्र्याचा एक केसही. अकीकाचे ते दोन तुकडे आपापल्या घरात थोडे सैल हलायला हवेत, तर ते चिकटून बसले होते. धातू लावला तर धार दुखावते, म्हणून आर्डिसने काडेपेटीतली काडी टोकदार केली, टोकाला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस गुंडाळला. उजवा हात टेबलाच्या वर येईना. तिने तो मांडीवर ठेवून दिला आणि डाव्या हाताने काम सुरू केलं.

"मी करू का?"

"तुझे हात बीटाने माखलेत. माझ्या तराजूला विटाळ नको."

अकीकाचा पहिला तुकडा सुखरूप निघाला. दुसरा काडीवरून उडाला आणि दिसेनासा झाला. मसुराएवढा तुकडा आणि सिमेंटची करडी जमीन. आम्ही दोन म्हाताऱ्या टॉर्च घेऊन रांगत होतो. हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अँथनीला मी साकडं घातलं.

"तो कॅथलिकांचंच ऐकतो का?" कोपऱ्यातून आर्डिस म्हणाली.

"वस्तू कोणाची आहे ते मी त्याला सांगितलेलं नाही."

तुकडा तिच्याच विजारीच्या दुमडीत निघाला. त्या दिवशी काम तिथेच थांबवलं, कारण तिचा डावा हातही दमला होता. बुधवारी पुन्हा बसली. स्पिरिट, कोरडा कापूस, पुन्हा स्पिरिट. तुकडे घरात बसवले, काडीच्या टोकाने हलवून पाहिले. दोन्ही मोकळे. दांडी अलगद टेकवली, काटा शून्यावर आणला आणि खुर्ची मागे सरकवली.

"तू बस इथे. काटा तू वाच."

"मी? मला काय कळतं त्यातलं?"

"म्हणूनच. मला तो बरोबर यायला हवाय, त्यामुळे माझे डोळे माझ्या बाजूने बोलतील. तू सिस्टरांच्या हाताखालची. खोटं बोलायची नाहीस."

ती गोळी ठेवी, मी वाची. "रेघेवर." उचली, ठेवी. "रेघेवर." पुन्हा. "रेघेवर." मग एकदा मी म्हणाले, "केसभर वर."

"नक्की?"

"केसभर. पण वर."

तिने मान खाली घातली. मला वाटलं, आता ती म्हणेल की इतकं चालतं. ती उठली, खोलीभर फिरली आणि जिन्याचं दार उघडं राहिलेलं तिला दिसलं. मीच कॉफी आणताना उघडं ठेवलं होतं. वरून गार वारा येत होता. तिने दार लावलं, खाली फडकं कोंबलं आणि म्हणाली, "पहिल्यापासून."

पहिल्यापासून. दर वेळी काटा रेघेवर आला. मग तिने गॉर्डनच्या डबीतली ठरावीक वजनं लावून पाहिली, हलकी आणि जड. तीही बरोबर. तेव्हा कुठे तिने बारुदीचा डबा उघडला.

शुक्रवारी नदीकाठच्या बांधावर तिने पहिलं काडतूस झाडलं. मी कानांवर हात ठेवून उभी होते. तिने बंदूक खाली केली, खांदा गोल फिरवला.

"काय?"

"बसमधली पोरं यापेक्षा जोरात ढकलायची," ती म्हणाली आणि पुढचं काडतूस भरलं.

शिकार रविवारी सुरू होते म्हणून आमचे फादर शनिवारी संध्याकाळीच चर्चमधली प्रार्थना, मिस्सा, उरकतात. मी गेले, मेणबत्ती लावली. रविवारी उजाडताना मी आर्डिसला ट्रकने वरच्या कुरणाच्या फाटकाशी सोडलं आणि थर्मास घेऊन बसून राहिले. सूर्य टेकडीवर आला तेव्हा एकच आवाज झाला. पुढे काही नाही. मग ती उतारावरून चालत आली, हळूहळू, बंदूक डाव्या खांद्यावर. फाटकावर हात ठेवून म्हणाली, "वेडला फोन कर. म्हणावं, तराजू नको, दोर आण."

लाईल त्याचा ट्रॅक्टर घेऊन मदतीला आला. निघताना टोपी हातात घेऊन म्हणाला, "तो तराजू पुढच्या वर्षीही लागेल मला, आर्डिस. या खेपेला आणखी काय करून देऊ त्याचं?"

"काही नको रे. तो आता मऊच चालतो. तू आपलं सॉसेज आण. मिरी एवढीच."

लाईलने मान डोलावली. मी माझी नडगी आधीच बाजूला घेतली होती.

रात्री लिहिलं: बीटाचं लोणचं बरण्यांत भरलं. एका बरणीचं झाकण नीट बसलं नाही, ती आधी संपवायची. फ्रीझरचा खालचा कप्पा आर्डिसच्या मांसासाठी रिकामा केला.